रस्त्याचे वर्ष : पालिका डांबरीकरण कसे ठरवते आणि कसे करते

पाऊस सुरू झाला की खड्ड्यांची चर्चा सुरू होते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, सभागृहात प्रश्न विचारले जातात, अधिकारी पाहणी दौरे करतात. दिवाळीपर्यंत ही चर्चा थंडावते. पण रस्त्याचे भवितव्य ठरवणारे निर्णय चर्चा थंडावल्यानंतरच्या महिन्यांतच होतात. कोणता रस्ता हाती घ्यायचा, त्यावर किती जाडीचा थर द्यायचा, त्याखालची जलवाहिनी आधी बदलायची की नाही, हे सगळे ऑक्टोबर ते मार्च या काळात कागदावर येते. जुलैत पडलेला खड्डा हा बहुतेक वेळा त्या काळात केलेल्या किंवा राहून गेलेल्या कामाचा परिणाम असतो. म्हणूनच महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदा हे काम कोणत्या टप्प्यांनी करतात, ते प्रत्येक करदात्याला ठाऊक असायला हवे.

रस्ता कोणाचा?

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीचा अंमल १ जून १९९३ रोजी सुरू झाला. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी स्थानिक संस्थांचे १८ विषय आहेत आणि त्यांत रस्ते व पूल येतात. राज्यातले कायदे त्याहून जुने आहेत. मुंबईसाठी १८८८चा, इतर महापालिकांसाठी १९४९चा, तर नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५चा अधिनियम लागू आहे. सार्वजनिक रस्ते बांधणे आणि सुस्थितीत ठेवणे हे या कायद्यांनी पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. पैसे उरले तर करायचे काम अशी त्याची गणना होत नाही.

मात्र शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. राज्य महामार्ग आणि जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्ग, औद्योगिक वसाहतींतले एमआयडीसीचे रस्ते आणि कॅन्टोन्मेंटचे रस्ते यांचे मालक वेगवेगळे. हा ताबा बदलतोही : मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२मध्ये एमएमआरडीएकडून महापालिकेकडे आले. सोसायटीच्या आतला रस्ता तर हस्तांतरित झाला नसेल तोवर खासगीच राहतो. त्यामुळे तक्रार करण्याआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारणे ही पहिली पायरी.

निकष कुठून आले?

खडीचा आकार, थराची जाडी, डांबराचे प्रमाण हे सारे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांवरून ठरते. या संस्थेच्या स्थापनेमागे एका मराठी माणसाचे काम आहे. १९२७मध्ये रस्ते विकासासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. इंधनावर जादा कर बसवून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा आणि तांत्रिक ज्ञानाची देवाणघेवाण करणारी कायमची संस्था असावी, अशा त्या समितीच्या शिफारशी होत्या. १९२९मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. नगरपरिषदेच्या निविदेत दिसणारे ‘आयआरसी’ हे संक्षिप्त नाव तिचेच. रस्ता कसा बांधायचा याचे ज्ञान आपल्याकडे नव्वद वर्षांपासून लिहून ठेवलेले आहे. अडचण येते ती त्याच्या अंमलबजावणीत.

पाहणी : पावसाळ्यानंतर लगेच

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रभागाचे कनिष्ठ अभियंते रस्त्यांची पाहणी करतात. कुठे भेगा पडल्या आहेत, कुठे चाकोऱ्या खोल गेल्या आहेत, कुठे खडी सुटली आहे, कुठे पाणी साचते, याची नोंद घेतली जाते. मोठ्या रस्त्यांसाठी यंत्राने तपासणी करता येते. बेंकेलमन बीम या उपकरणाने मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेला ट्रक पुढे गेल्यावर रस्त्याचा पृष्ठभाग किती वर येतो, हे मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. ही उसळी जितकी जास्त, तितका रस्ता आतून कमकुवत. पावसाळा संपता संपता खालची माती सर्वांत ओली आणि सर्वांत दुबळी असते. म्हणूनच ही मोजणी त्याच वेळी करायची असते. मे महिन्यातल्या कोरड्या रस्त्याची तपासणी दिलासा देते, पण खरी स्थिती सांगत नाही.

कोणता रस्ता आधी?

पाहणीनंतर यादी होते. वाहतूक किती, बस धावते का, रुग्णालय किंवा शाळा आहे का, मागचे डांबरीकरण कधी झाले, कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा काळ, म्हणजे दोषदायित्व कालावधी, चालू आहे का, हे निकष असायला हवेत. त्यात नगरसेवकांच्या मागण्या, आमदार निधीतली कामे आणि नागरिकांचे अर्जही मिसळतात.

सर्वांत वाईट रस्ता आधी घ्यावा असे कुणालाही वाटेल. अभियांत्रिकी मात्र याच्या बरोबरीने दुसरी गोष्ट सांगते. जो रस्ता अजून बरा आहे, फक्त बारीक भेगा पडू लागल्या आहेत, त्याच्यावर वेळीच थोडा खर्च केला तर तो आणखी काही वर्षे टिकतो. तोच रस्ता दोन पावसाळे तसाच सोडला तर खालचे थर खचतात आणि पुनर्बांधणीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. म्हणून चांगल्या पालिकेच्या यादीत खराब रस्त्यांच्या पुनर्बांधणीबरोबर बऱ्या रस्त्यांची निगाही असते. हा दुसरा भाग लोकांना दिसत नाही, त्यावर मते मिळत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी तोच कापला जातो. रस्त्यांच्या दुरवस्थेचे मोठे मूळ इथे आहे.

पैसा आणि अंदाजपत्रक

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, पण पुढच्या वर्षीची कामे त्याआधीच ठरतात. मुंबईत आयुक्तांना ५ फेब्रुवारीपर्यंत अंदाजपत्रक मांडावे लागते. इतर महापालिकांतही जानेवारी ते मार्च हाच हंगाम. पैसा अनेक वाटांनी येतो. मालमत्ता कर, विकास शुल्क, जकात व स्थानिक संस्था कर गेल्यानंतर राज्याकडून मिळणारी जीएसटीची भरपाई, वित्त आयोगाचे अनुदान आणि नगरोत्थान महाभियानासारख्या राज्य योजना या त्या वाटा. लहान नगरपरिषदांचे स्वतःचे उत्पन्न तोकडे असते. त्यांचे बहुतेक मोठे डांबरीकरण राज्याच्या अनुदानावरच अवलंबून राहते. अनुदान मिळाले की काम होते, त्यामुळे नियमित देखभालीची सवय लागत नाही.

पुणे महापालिकेने २००६पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत सुरू केली. तीत आपल्या प्रभागातली छोटी कामे नागरिकच अर्ज भरून सुचवू शकतात. हे अर्ज पावसाळ्याच्या सुमारास मागवले जातात, हे लक्षात ठेवायला हवे.

कागदावरचा रस्ता

यादीतल्या प्रत्येक कामाचे पूर्वगणनपत्रक तयार होते. किती घनमीटर खोदाई, किती टन डांबरी मिश्रण, किती चेंबर उचलायचे, याचे मोजमाप दरसूचीतल्या दरांनी गुणले जाते. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि ई-निविदा. कंत्राटदार बयाणा रक्कम भरून दर देतात. सर्वांत कमी दराची पात्र निविदा स्थायी समितीपुढे जाते आणि मंजुरीनंतर कार्यादेश निघतो.

इथे दोन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. पहिले, अंदाजपत्रकीय दरापेक्षा फारच कमी दर. अशा वेळी कंत्राटदाराकडून जादा सुरक्षा ठेव घेतली जाते, कारण वीस-पंचवीस टक्के कमी दराने घेतलेले काम परवडण्यासाठी थराची जाडी किंवा डांबर यांवरच हात मारला जाण्याची भीती असते. दुसरे, वेळ. ही सगळी प्रक्रिया अनेक महिने खाते. ती डिसेंबरात सुरू झाली तर कार्यादेश एप्रिल-मेमध्ये हातात पडतो आणि पावसाच्या तोंडावर घाईघाईने डांबर पडते. मेच्या शेवटी झालेल्या डांबरीकरणाबद्दल लोकांना वाटणारी शंका म्हणूनच रास्त असते.

खड्डा नेमका कसा पडतो?

रस्ता थरांचा असतो. तळाशी दाबलेली माती किंवा मुरूम, त्यावर खडीचे थर, मग जाड खडीचा डांबरी थर आणि सर्वांत वर बिटुमिनस काँक्रीटचा तीन ते पाच सेंटिमीटरचा थर. वाहनाचे वजन खालचे थर पेलतात. वरचा थर पाणी अडवतो आणि चाकांची झीज सोसतो.

उन्हाने आणि वयाने डांबर कडक होते, भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जाते. खडीवरचे डांबर सुटते, खालचा थर भिजून मऊ होतो. त्यावरून चाक गेले की दाबाखाली ते पाणी बारीक माती घेऊन बाहेर उसळते आणि आत पोकळी होते. काही दिवसांत वरचा थर त्या पोकळीत बसतो. हाच खड्डा. विदर्भ, मराठवाडा आणि देशावरच्या काळ्या मातीत आणखी एक संकट असते. ती भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि वरचा रस्ता त्याबरोबर हलतो. म्हणून अशा मातीवर मुरमाचा चांगला थर दिल्याशिवाय रस्ता उभा राहत नाही.

सारांश, रस्त्याचा शत्रू पाणी आहे आणि त्याची पहिली दुरुस्ती गटारात करावी लागते. डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे सुमारे अडीच टक्के उतार द्यायचा असतो. सात मीटर रुंद रस्त्यात मध्यभाग कडेपेक्षा जवळपास पावणेनऊ सेंटिमीटर उंच हवा. उतार बरोबर असूनही कडेची जाळी तुंबलेली असेल, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली असेल, तर पाणी रस्त्यावरच थांबते. तिथे कितीही चांगले डांबर टाकले तरी ते ओल्या भिंतीला रंग दिल्यासारखे ठरते.

कोणत्या रस्त्याला कोणता उपाय?

किरकोळ भेगा असतील तर त्या भरून घेतात किंवा डांबरी इमल्शन आणि बारीक खडीचा चार ते आठ मिलिमीटर जाडीचा मायक्रोसरफेसिंगचा पातळ थर देतात. पृष्ठभाग खरखरीत, झिजलेला पण पाया भक्कम असेल तर नवा डांबरी थर पुरतो. रोजच्या भाषेतले डांबरीकरण हेच. पाया खचला असेल, तर जुना रस्ता उकरून खडीच्या थरापासून पुन्हा बांधावा लागतो. त्यावर नुसता थर चढवला तर तो वर्षभरात फाटतो.

थरावर थर चढवण्याचा आणखी एक तोटा जुन्या पेठांमध्ये आणि गावठाणांत सर्रास दिसतो. दर वेळी रस्ता चार-पाच सेंटिमीटर वर येतो. काही डांबरीकरणांनंतर पदपथाची कड नाहीशी होते, घरांचे उंबरे रस्त्याखाली जातात आणि पावसाचे पाणी घरांत, दुकानांत शिरते. म्हणून नवा थर देण्याआधी जुना थर मिलिंग यंत्राने खरवडून काढणे आवश्यक असते. खरवडलेला माल नव्या मिश्रणात ठरावीक प्रमाणात पुन्हा वापरता येतो. आपल्या रस्त्याच्या निविदेत मिलिंग आहे का, हा प्रश्न प्रत्येक रहिवाशाने विचारावा असा आहे.

कामाच्या रात्री काय घडते?

शहरात हे काम बहुधा रात्री होते. रस्ता झाडून, धूळ उडवून कोरडा केला जातो. मग जुन्या आणि नव्या थराला जोडणारा इमल्शनचा पातळ फवारा, म्हणजे टॅक कोट, दिला जातो. प्लांटमधून गरम डांबरी मिश्रण, म्हणजे हॉट मिक्स, ताडपत्रीने झाकलेल्या डंपरमधून येते, पेव्हर यंत्र ते एकसारखे पसरते आणि रोलर ते दाबतात.

यात तापमान सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे नेहमी वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० या डांबराचे मिश्रण प्लांटमध्ये साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला तयार होते. पसरताना ते किमान १४० अंश हवे आणि दाबण्याचे काम ९० अंशांखाली जाण्याआधी संपले पाहिजे. डंपर वाहतूक कोंडीत अडकला, ताडपत्री नसली, रोलर उशिरा आला, तर मिश्रण थंड होते. थंड मिश्रण नीट दबत नाही, आत हवेच्या पोकळ्या राहतात आणि पुढचा पाऊस त्याच पोकळ्यांतून खाली उतरतो. डिजिटल तापमापी हातात घेऊन उभा असलेला कनिष्ठ अभियंता म्हणूनच या कामात सर्वांत मोलाचा माणूस आहे. एकेका अभियंत्याकडे एकाच रात्री अनेक ठिकाणची कामे दिली जातात, तेव्हा देखरेख कागदावर उरते.

काम झाल्यावर रस्त्यातून गोल गाभा कापून थराची जाडी आणि घनता तपासतात. प्रयोगशाळेत मिश्रणातील डांबराचे प्रमाण काढतात. मोजमाप पुस्तिकेत नोंदी होतात, त्या तपासून देयक निघते. अनेक पालिका त्रयस्थ संस्थेकडूनही गुणवत्ता तपासून घेतात.

खोदाईची शिस्त

नवा रस्ता झाला आणि महिन्याभरात तो खोदला गेला, ही प्रत्येक शहराची तक्रार आहे. जलवाहिनी, मलवाहिनी, गॅस, वीज, ऑप्टिकल फायबर या सगळ्यांची वाट रस्त्याखालूनच जाते. त्यामुळे डांबरीकरणाची यादी झाली की पाणीपुरवठा आणि मलनिःसारण विभागांनी व खासगी कंपन्यांनी आपापली कामे आधी उरकायची, असा नियम पालिका करतात. खोदाईसाठी परवानगी आणि शुल्क लागते. पावसाळ्याआधी नव्या खोदाईला परवानगी देणे थांबवले जाते.

चर बुजवण्याचीही रीत आहे. माल थोड्या थोड्या थरांत टाकून प्रत्येक थर यंत्राने दाबायचा, मग खडी आणि शेवटी डांबर. प्रत्यक्षात खोदलेली माती एकदम लोटून वर डांबर ओतले जाते आणि पहिल्या पावसात तो चर खचतो. शहरातले कितीतरी खड्डे मुळात असे खचलेले चर असतात. एकाच तक्त्यावर सर्व विभागांची वर्षभराची कामे मांडणे हा यावरचा साधा आणि स्वस्त उपाय आहे. त्याला निधीपेक्षा विभागांचा एकमेकांशी बोलण्याचा निश्चय लागतो.

पावसाळ्यातली दुरुस्ती

पावसात हॉट मिक्स नीट बसत नाही. म्हणून या चार महिन्यांत कोल्ड मिक्स, मास्टिक किंवा लवकर घट्ट होणारे काँक्रीट वापरतात. मास्टिक कढईत शिजवून गरम ओततात. त्याला रोलर लागत नाही आणि त्यातून पाणी झिरपत नाही. कोणताही माल वापरला तरी खड्डा आधी चौकोनी, सरळ कडांनी कापायचा, आतले पाणी आणि सुटी खडी काढायची, टॅक कोट द्यायचा, मग भरून दाबायचे. खड्ड्यात राडारोडा किंवा सुटी खडी टाकणे ही दुरुस्ती नव्हे. ती खडी दुचाकीस्वारांच्या जिवावर उठते.

ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नावर ठोस आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. खड्डा निदर्शनास आल्यापासून ४८ तासांत बुजवायचा. भरपाईची रक्कम जबाबदार अधिकारी वा कंत्राटदाराकडून वसूल करण्याची तरतूदही त्यात आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे याच न्यायालयाने २०१५मध्ये म्हटले होते.

काँक्रीट हे उत्तर आहे का?

मुंबईने काँक्रीटची वाट धरली आहे. जानेवारी २०२३मध्ये तिथे सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाचे भूमिपूजन झाले. त्याचा खर्च सुमारे ६ हजार कोटी रुपये होता. पुढे गुणवत्ता तपासणीसाठी आयआयटी मुंबईची मदत घेण्यात आली. काँक्रीटला पाण्याचे भय कमी आणि आयुष्य दोन-तीन दशकांचे. पण सुरुवातीचा खर्च मोठा, १४ दिवस ओले ठेवणे आणि वाहतुकीसाठी सुमारे २८ दिवस थांबणे भाग. त्याखालची वाहिनी फुटली तर दुरुस्ती फार अवघड होते. वाहिन्यांसाठी वेगळी जागा आधी ठेवली, पाणी जिरायला आणि वाहायला वाट दिली, तरच काँक्रीट फायद्याचे. गल्लीबोळांसाठी नीट राखलेला डांबरी रस्ता आजही पुरेसा आहे.

हमी आणि जंगली महाराज रस्ता

काम संपल्यावर ठरावीक वर्षे रस्त्यातला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हाच दोषदायित्व कालावधी. डांबरी रस्त्यांना तो साधारण तीन ते पाच वर्षांचा, मुंबईच्या काँक्रीट रस्त्यांना दहा वर्षांचा आहे. या काळात पालिकेने पुन्हा पैसे खर्च करून तोच रस्ता दुरुस्त केला तर नागरिकांची फसवणूक होते.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता हे यातले सर्वांत बोलके उदाहरण. १९७०च्या दशकात तेव्हाचे नगरसेवक श्रीकांत शिरोळे यांच्या पुढाकाराने रेकॉन्डो या कंपनीने तो हॉट मिक्स पद्धतीने बांधला आणि दहा वर्षांत खड्डा पडणार नाही अशी हमी दिली. हमी संपल्यावरही कित्येक दशके तो टिकला. भक्कम पाया, नीट निचरा, योग्य मिश्रण आणि जबाबदारीचा लेखी शब्द एवढ्यावर हे साधले. हे काम आपल्याच राज्यात, आपल्याच पावसात झाले आहे.

नागरिकांनी काय करावे?

सप्टेंबरमध्ये आपल्या रस्त्याची छायाचित्रे आणि पाणी साचण्याच्या जागा लेखी कळवा. अंदाजपत्रकाआधी तो यादीत आहे का, ते विचारा. कार्यादेश निघाल्यावर थराची जाडी, मिलिंग, दोषदायित्व कालावधी आणि कंत्राटदाराचे नाव असलेला फलक कामाच्या जागी लावायला सांगा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातल्या व्याख्येतच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. दहा रुपयांच्या अर्जावर पूर्वगणनपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवालांच्या प्रती मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक गल्लीत दोन-तीन जणांनी एवढे काम वाटून घेतले, तर अभियंत्याला प्रामाणिक देखरेखीसाठी बळ मिळेल आणि कंत्राटदारावर वचक राहील. खड्ड्याबद्दलचा राग रास्तच आहे. तो जुलैत व्यक्त करून थांबू नका, ऑक्टोबरात अर्ज घेऊन पालिकेत जा.